कॉम्प्युटरचा पसारा नि देवाचा कौल

हसायचं असेल तर आत्ताच पोटभर हसून घ्या. एकदा मी सांगायला लागले की मध्ये कोणी फिसकलेलं मला चालत नाही, आणि ह्या गोष्टीत फिसकायच्या जागा पावलोपावली आहेत. सगळ्या माझ्याच!

मी चौथी शिकलेली बाई. तारकर्लीला आमच्या घरामागे माडांत पाहुण्यांसाठी तीन खोल्या आहेत. सकाळी घावणे, दुपारी माशाचं ताट, रात्री परत माशाचं ताट. आमचे हे होडीवर जातात. मुलगा संदेश पाहुण्यांना बोटीतून डॉल्फिन दाखवायला नेतो. आणि सून मेघना, वालावलची, ओरोसला सरकारी ऑफिसात कामाला. सकाळच्या एसटीने जाते, दिवेलागणीला परत येते.

कॉम्प्युटर आमच्या घरात आला तो ह्या मेघनाबरोबर. लोकांच्या सुना कपाट आणतात, हिने आपला कॉलेजातला कॉम्प्युटर आणला! एवढा जुना, की बटण दाबून मी विहिरीवर जावं, दोन कळशा भराव्या, परत यावं, तेव्हा हा डोळे उघडतो.

पण मी त्याच्यावर शिकले हो! पाहुण्यांना फोटो पाठवते. "खोली रिकामी आहे, या" असं टाइप करते. वाडीत मला कॉम्प्युटरवाली काकी म्हणतात. मी काही नको म्हणत नाही.

तर नाताळच्या आधी, ऐन पाहुण्यांच्या दिवसांत, हा कॉम्प्युटर कासव झाला. एक फोटो उघडायला सांगितला की विचार करत बसायचा. मी संदेशला धरला.

"आये, डिस्कचो पसारो झालो आसा," तो म्हणाला. "एकेक फायल तुकडे होवन धा ठिकाणी पडलेली आसा. ते तुकडे गोळा करूचे लागतत. हेच्यातच टूल आसा, डिफ्रॅग म्हणतत. बटन दाबलंस की झाला."

पसारा? माझ्या घरात? मी ताबडतोब बटण दाबलं. त्या टूलने आधी तपासलं आणि आकडा दाखवला, इतके टक्के मोडलेलं. मग तासभर घरघर केली आणि शेवटी म्हणालं, दोन टक्के. मला काय आनंद! तांदूळ निवडून सूप रिकामं झालं की वाटतं ना, तसं. मी रोज सकाळी न्याहरी आटोपली की ते लावायला लागले. संदेश म्हणाला, "आये, रोज नको." मी म्हटलं, "झाडू रोज मारतंय मा? मगे?"

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पुढे पुण्याचा एक पाहुणा आला.

चष्मेवाला पोरगा. मला कॉम्प्युटरसमोर बघून म्हणाला, "काकू, हे टूल फार जुनं झालं. मी तुम्हाला एक भारी टाकून देतो." आणि दिलं टाकून. ह्याच्यात नुसता आकडा नाही, रंगीत चौकोन! मोडलेलं ते लाल, चांगलं ते निळं, आणि लालाचे निळे होताना डोळ्यांना दिसायचे. मी दुपारचं जेवण विसरून बघत बसले.

आता जुनं टाकायचं कशाला? मी दोन्ही ठेवली. कॉम्प्युटराबरोबर आलेलं ते म्हातारा, आणि पुण्याचं ते पावणो, पाहुण्याने टाकलेलं म्हणून; घरात सगळ्यांच्या तोंडी हीच नावं. सकाळी म्हातारा लावायचा, दुपारच्या चहाला पावणो. अंगण दोनदा झाडतो की नाही आपण? तसं.

पहिल्याच दिवशी घात झाला.

सकाळी म्हातारा म्हणाला, दोन टक्के. दुपारी पावण्याला तपासायला सांगितलं, तर एकतीस टक्के! पडदा लाल भडक, देवीचा मळवट भरल्यासारखा. मी सगळं पुसून निळं करून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हाताऱ्याला विचारलं, तर चौदा टक्के! परत झाडलं. दुपारी पावणो, परत तीस!

म्हणजे माझी पाठ वळली की कोणीतरी पसारा करत होतं. तुम्हीच सांगा, दुसरं काय वाटेल माणसाला?

पहिले मी पाहुण्यांवर घसरले. कोल्हापूरचं एक जोडपं होतं. बिचारे घावणे खात होते. मी समोर जाऊन उभी राहिले. "तुम्ही आमच्या कॉम्प्युटरला हात लावलात?" बाईचा घास हातातच राहिला. नवरा म्हणाला, "न्हाई ओ मावशी, आमी तर समुद्राला बी अजून हात लावला न्हाई." खरं वाटलं मला. त्या माणसाला वाळूत चपला सापडत नव्हत्या, तो कॉम्प्युटर काय विस्कटणार?

मग मी सापळा लावला. सकाळी म्हाताऱ्याचं काम झालं की माऊसवर तांदळाच्या पिठाची चिमूट भुरभुरवली. कोण हात लावील त्याची बोटं उमटतील. मला कोणी पोलिसात घेतलं नाही, नाहीतर मालवणात चोरी राहिली नसती.

दुपारी येऊन बघते, तर पीठ जसंच्या तसं. बोट नाही, नख नाही. मुंगीसुद्धा चालून गेली नव्हती. पावण्याला विचारलं. तीस टक्के!

मी तशीच अंगणात गेले. हे होडीवरून आले होते, जाळं उन्हात टाकत होते. मी सगळं सांगितलं.

"हात न लावता कोण करता, सांगा माका."

आमचे हे दिवसाला पाच वाक्यं बोलतात, त्यातली तीन माशांबद्दल. ते म्हणाले, "मगे देवाक विचार."

विचारलं! मी अशी पुढेमागे बघणारी नाही. नारळ घेतला आणि सरळ ग्रामदेवतेच्या देवळात. आमच्याकडे कौल लावतात. गुरव देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे वाट बघत राहतात. उजवी पडली की हो, डावी पडली की नाही. हरवलेली म्हैस, अडलेलं लग्न, बांधाची भानगड, सगळं देव ऐकून घेतो. कॉम्प्युटर पहिल्यांदाच आला होता.

गुरवाला समजावता समजावता माझ्या नाकी नऊ आले.

"म्हणजे काकी, चोरी झाली?"

"चोरी नाय रे. पसारो!"

"काय गेला काय?"

"काय जावक नाय. हुतां ता विस्कटलां!"

त्याने डोकं खाजवलं आणि मग खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकीच्या घरात जी काय मिशीन आसा, तेचो जो कोण पसारो करता, तो भायलो आसात तर उजवी दी रे म्हाराजा!"

डावी पडली. बाहेरचं कोणी नाही.

"तर मगे घरचाच माणूस आसात, तर उजवी दी रे म्हाराजा!"

शब्द संपायच्या आत उजवी पाकळी टपकन खाली. एवढ्या तातडीने देव बोललेला गुरवानेही बघितला नव्हता.

"काकी, नावा घेवया? एकेकाचा नाव घेवन इचारतंय."

"नको. माका कळला कोण ता."

आणि कळायला काय राहिलं होतं? घरात माणसं चार. हे? कॉम्प्युटरजवळून जाताना सदरा आवरून जातात, झटका बसेल म्हणून. संदेश? दिवसभर समुद्रात. राहिली कोण? मेघना! पण ती तर दुपारी ओरोसला ऑफिसात... आणि माऊसवर बोट नाही... माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. नेट! नेटवरून लाइटबिल भरतात, नेटवरून साड्या मागवतात, मग नेटवरून सासूचा पसारा करायला काय जड?

कारणही होतं. ही लग्न होऊन आल्यापासून आमचं मिठावरून चाललेलं. मी फळीवर डबे उंचीप्रमाणे लावते, मोठा, त्याहून लहान, त्याहून लहान, मध्ये बोट शिरणार नाही असे. माझ्या सासूचं वळण! ही संध्याकाळी येते नि मीठ, मसाला, हळद उचलून चुलीजवळ. "आई, रोज लागता ता हाताशी बरा." सकाळी मी परत फळीवर. संध्याकाळी ती परत चुलीजवळ. आठ महिने!

त्यात ओरोसच्या क्वार्टरचं निघालेलं. तिच्या ऑफिसातून अर्जाचा कागद आला होता, तो कॉम्प्युटरच्या टेबलावर कोरा पडलेला. भरला की दोघंही तिकडे. मी तोंडाने म्हणायचे, "जावा, जावा, माका काय." पण खरं सांगते, ती गेली तर मी भांडू कोणाशी? ह्यांच्याशी भांडणं म्हणजे माडाशी भांडणं. फार तर एखादी झावळी पडते.

एवढं सगळं पोटात ठेवून शहाणी बाई गप्प बसली असती. मी पडवीत कंबरेवर हात ठेवून उभी राहिले. एसटीतून उतरून मेघना आली, चपलासुद्धा काढायच्या होत्या.

"इलंस? दमलंस असतलंस. हयसर घरात पसारो करूचो नि थयसर ऑफिसाचा काम करूचा!"

"काय झाला, आई?"

"माका इचारतंस? थयसून नेटवरना माझो कॉम्प्युटर विस्कटतंस, आणि माका इचारतंस?"

 संदेश आतून धावत आला. "आये, काय बोलतंस तू?"

"तू गप! देवान कौल दिल्यान. घरचाच माणूस! देव काय खोटा बोलता?"

मेघनाचा चेहरा उतरला. रडली असती तर मला सोपं गेलं असतं, मी आणखी ओरडले असते. पण ती रडणाऱ्यांतली नाही. शांतपणे आत गेली, टेबलावरचा तो कोरा कागद उचलला आणि पर्समधून पेन काढलं.

"बरा," ती म्हणाली. "मी तुमचो पसारो करतंय तर मी ह्या घरात कशाक रवू?"

पेनाचं टोपण निघाल्याचा आवाज मला पडवीत ऐकू आला. आयुष्यात इतका मोठा आवाज मी ऐकलेला नाही. पण तोंड? तोंड माझं! ते म्हणालं, "आधी सांग कसा करतंस ता. मगे भर."

काय बाई मी तरी!

मेघनाने पेन ठेवलं. "बसा आई. दाखयतंय."

मला खुर्चीत बसवलं. तारेचं टोक उपसून नेट बंद केलं. "आता नेटवरना कोण येवचो नाय. बरोबर?" मी मान हलवली. तिने म्हातारा लावला. तो घरघरत होता तोवर बांगड्याचं घट्ट रश्शाचं तिखलं झालं, भात झाला. शेवटी म्हातारा म्हणाला, दोन टक्के.

"आता माऊस तुमच्याच हातात. मी हयसर, भिंतीक टेकून. पावण्याक नुसता तपासूक सांगा."

सांगितलं. पडदा लाल भडक. तीस टक्के.

"आई, मदी कोणी हात लावल्यान?"

मी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. माऊसवर हात फक्त माझा. अजून थोडं पीठ चिकटलेलं.

मग तिने समजावलं. म्हातारा ढिला आहे. फाइलीचे मोठमोठे तुकडे असले, तर ते त्याला मोडलेलं वाटतच नाही, तो ते मोजत नाही. पावणो काटेकोर. एक जोड सुटलेला दिसला की तो लाल. डिस्क एकच, पण मोजायची मापं दोन.

"बरा, मोजूचा सोड," मी म्हटलं. हरले तरी एवढ्यात सोडणार थोडीच? "पावण्यान दुपारी सगळा निळा केल्यान. मगे सकाळी म्हाताऱ्याक चौदा कशे दिसतत?"

"कारण लावूची रीत येगळी. म्हातारो सगळा एका अंगाक दाबून, मदी जागा न ठेवता लावता. पावणो रोज लागणाऱ्यो फायली पुढे हाडता, हाताशी ठेवता. डिस्क जुनी, काठोकाठ भरलेली, सरकूक जागा नाय. मगे एक पुढे हाडूसाठी तो दुसरी मोडता, आणि ते तुकडे जागा मिळात थय कोंबता. वर लावून झाल्यार तो परत मोजीत नाय, म्हणान पडदो निळोच दिसता. म्हातारो सकाळी ते जोडता, आणि पावण्यान पुढे हाडलेला परत मागे ढकलता. दोघेय आपल्या मनान नीटच लावतत, आई. दोघांकय दुसऱ्यान पसारो केलो असोच दिसता."

 आणि दारातून आमच्या ह्यांचा आवाज आला. त्या दिवसाची पाच वाक्यं त्यांनी जपून ठेवली असावीत.

"मगे रांधपाच्या खोलयेत आठ म्हयने तुमी दोघी दुसरा काय करतास?"

संदेश फिसकला. मी त्याच्याकडे असं बघितलं की तो थेट विहिरीवर गेला. पण मेघनाच्या ओठांचा कोपरा हलला. मी बघितला ना!

तरी माझी हौस फिटली नव्हती. "पण ही डिस्क इतकी भरली कशी ती? कोणी भरल्यान?"

 मेघनाने नुसती कॉम्प्युटरातली एक पेटी, फोल्डर म्हणतात ती, उघडून दाखवली. त्यात फोटो. बांगड्याच्या ताटाचे. समोरून, उजवीकडून, डावीकडून, वरून. सुरमईचे तसेच. सोलकढीचे तर वाटी भरलेली, अर्धी आणि रिकामी! वर कुठे हरवू नयेत म्हणून प्रत्येकाची नक्कल तीन-तीन ठिकाणी ठेवलेली. कॉम्प्युटरवाल्या काकीने!

"म्हणजे पसारो..." मी म्हटलं.

"व्हय."

"आणि सकाळ-दुपार मोडूक जोडूक लावणारा..."

"व्हय, आई. रोज दोनदा हलवून हलवून त्या म्हाताऱ्या डिस्कचो जीव काढलास. आणि दुपारी कॉम्प्युटराकडे तुमच्याशिवाय दुसरा कोण असता?"

आता क्षमा मागायची आम्हा लोकांना सवय नाही.  मी उठले, रांधपाच्या खोलीत गेले, फळीवरची मिठाची बरणी काढली आणि आणून चुलीजवळ ठेवली. मसाल्याचा डबा ठेवला. हळद ठेवली. मग तिखल्यातला शेपटीकडचा नको, मधला मोठा तुकडा तिच्या ताटात घातला. मेघनाने ताटाकडे बघितलं, चुलीकडे बघितलं.

"आई, हळद फळयेर ऱ्हवली तरी चलात."

"गप जेव!"

पावण्याला तिने दुसऱ्या दिवशी काढून टाकलं. ज्यादा फोटो पुसले. एकेका माशाचा एकच ठेवला, मी तासभर निवडत होते. म्हातारा आता महिन्यातून एकदा, तोही तिला विचारून. कॉम्प्युटर पळत नाही, पण चालतो. एका कळशीत उठतो. आणि क्वार्टरचा अर्ज? तो चार पदरी घडी घालून माऊसखाली ठेवलाय. टेबल खडबडीत आहे ना, माऊस अडकायचा. आता छान सरकतो.

देवाला नारळ बोलले होते, तो फोडायला देवळात गेले. गुरवाने लांबूनच विचारलं, "काकी, गावलो काय चोर?"

"गावलो."

"घरचोच?"

"घरचोच."

"कोण ता?"

"तू नारळ फोड. चवकशी नको!"

त्याने मुकाट्याने नारळ घेतला. मी पिशवीतून आणखी एक काढून पुढे केला. तो म्हणाला, "काकी, तुमी एकच नारळ बोललास. ह्यो दुसरो कशाक?"

आता त्याला काय सांगू? तो नावं घ्यायला निघाला होता, आणि मीच नको म्हटलं होतं. भर देवळात, आठ माणसांसमोर, माझ्या नावाला उजवी पडली असती!

पहिला नारळ देव बोलला म्हणून. दुसरा, पुढचं बोलला नाही म्हणून.